वाढला, म्हणालो

भातकापणी संपली की खालापूरच्या आमच्या घरामागची शेते काही दिवस अगदी रिकामी होतात. खुंट तेवढे उरतात, बांधावरचे गवत वाळू लागते आणि वाल अजून पेरायचा असतो. या मधल्या दिवसांत कातकरी माणसे कुदळी घेऊन बांध उकरायला येतात. बांधात उंदरांची बिळे असतात. उंदीर मिळतातच, पण बिळाच्या तळाशी त्यांनी ओढून नेलेल्या भाताच्या लोंब्याही मिळतात, आणि एखाद्या बिळात तर टोपलीभर निघतात. काल सकाळी शेताचा मालक दुरूनच ओरडत आला, "बांध फोडाल रं माजा!" त्यावर वाकलेल्या बाईने मान वर न करता उत्तर दिले, "बांध नाय फोडत, तुजे चोर धरतो. तुजंच काम करतो नव्हं?" तोही हसला आणि मेरेवर बसून विडी ओढू लागला.

त्या बाईच्या पाठीला झोळीत मूल होते. मी खिडकीत उभा राहून बराच वेळ पाहत होतो. मला काही वाटले नाही. पाय दुमडून फार वेळ बसले म्हणजे पाय आपलाच असून आपला वाटत नाही, तसे माझ्या मनाचे या ऋतूत दरवर्षी होते. पूर्वी मला हे वैराग्य वाटत असे. आता पन्नाशी जवळ आली असताना आणि आयुष्यात प्रथमच शाळेच्या अहवालाखेरीज काही लिहावयास बसलो असताना, निदान या एका गोष्टीस तिच्या नावाने हाक मारावी असे वाटते.

त्या मोठ्या तापाच्या साथीनंतरचे वर्ष होते. मी कर्जतला शाळेत दुय्यम शिक्षक होतो. पुण्यास कॉलेजात दोन वर्षे काढून, पुढे झेपले नाही म्हणून परतलेला. स्टेशनापलीकडे भाताच्या एका व्यापाऱ्याच्या घरात ओटीलगतची खोली मला मिळाली होती. व्यापारी बहुधा फिरतीवर असे. घरात त्यांच्या पत्नी, ज्यांना सारी आळी काकू म्हणे, आणि मी. घाटात चढणाऱ्या गाड्यांना मागून इंजिन जोडण्याचा खडखडाट दिवसभर चाले. पहिल्या महिन्यात मी त्याने दचके, दुसऱ्या महिन्यापासून तो मला ऐकू येईनासा झाला.

भाद्रपदात सोमी कातकरीण गवताच्या भाऱ्यातून मांडुळाचे एक पिल्लू घेऊन आली. मास्तर किडे-सरडे बाटलीत घालतो हे तिने कोणाकडून तरी ऐकले होते. पिल्लू करंगळीएवढे जाड, विटकरी रंगाचे, शेपटीकडे काळसर पट्टे असलेले होते. शेपूट तोंडासारखेच बोथट. हातात दिले तर चावले नाही, पळाले नाही, नुसते बोटांच्या फटीत शिरू पाहत राहिले.

"तोंड कंचं नि शेपूट कंचं, वळख," सोमी म्हणाली.

मी चुकीचे टोक दाखवले. ती इतकी हसली की तिच्या कडेवरचे मूल दचकले.

मी माझ्या जुन्या प्राध्यापकांना पत्र लिहिले. त्यांचे उत्तर आठ दिवसांत आले, आणि ते मला अजून जवळजवळ पाठ आहे. या जातीची वाढ फार सावकाश होते, तिची नोंद आपल्याकडे कोणी ठेवलेली नाही, आपण ठेवावी, असे त्यांनी लिहिले होते. पुढे बारीक अक्षरात दोन सूचना होत्या. किती खावयास दिले हे लिहू नका, किती खाल्ले ते लिहा. आणि वाढ दिसत नाही म्हणून निराश होऊन अंदाजाने आकडा मांडू नका. मला कोणी काही महत्त्वाचे सोपविण्याचा तो पहिलाच प्रसंग होता. मी एक जाड वही शिवली आणि तिच्यात रकाने आखले: भक्ष्य, खाल्ले की नाकारले, वजन, लांबी, कात.

पेटीत भुसभुशीत माती घातली. काकूंनी पेटीच्या झाकणावर आपला जुना वरवंटा आणून ठेवला.

"बायको करायच्या वयात साप पाळलात, मास्तर! आता मुलगी सांगून यायची ती पेटी बघूनच परत जाईल."

"हे बिनविषारी असते, काकू."

"विषाचं नाही हो म्हणत मी. सहा महिने एका तोंडानं चालायचं नि सहा महिने दुसऱ्या तोंडानं. म्हणजे तुमच्या हेडमास्तरांचीच जात की ही."

पिल्लू पहिले तीन आठवडे काही खाईना. पाल दिली, नाकारली. छोटा उंदीर सोडला तर तोच त्याच्या पाठीवर चढून बसला. शेवटी उपाय सोमीने सांगितला. डोळे न उघडलेले उंदराचे पिल्लू मातीवर ठेवायचे, वर फडके टाकायचे आणि तेथून निघून जायचे. "खातान् कुनी बघितलेलं त्याला आवडत नाय. तुला तरी आवडतं का?" मला खरोखरच आवडत नसे. मी खोलीचे दार लोटून घेऊन जेवत असे, आणि हे तिला कसे कळले याचे मला नवल वाटले. दुसऱ्या दिवशी फडके उचलले तेव्हा उंदराचे पिल्लू नव्हते. माती किंचित हललेली होती आणि तिच्यातून एक बोथट नाक वर आले होते. मी वहीत "खाल्ले" असे लिहिले, आणि तो शब्द पुन्हा एकदा वाचला.

तेव्हापासून दर बाजारच्या दिवशी सोमी येई. पळसाच्या पानाच्या पुडीत उंदराची एकदोन पिल्ले आणी, आणि काकू तिला त्याबद्दल पदरात कण्या घालीत. ते दिवस कातकऱ्यांचे उपासाचे. शेतात भात निसवलेले असते, पण ते दुसऱ्याचे, आणि रानातले कंद अजून धरलेले नसतात. साथीत तिची सासू आणि एक मुलगी गेली होती. नवरा हिरू आणि कडेवरचा बुधा, दीड वर्षाचा, एवढेच घर राहिले होते. बुधा रडत नसे. इतर मुले जेथे रडतात तेथे तो तोंड उघडी आणि मग विसरल्यासारखे मिटून घेई.

ओटीवर बसून मी सोनाराच्या काट्याने पिल्लू तोली. एका पारड्यात डबी, डबीत पिल्लू; दुसऱ्या पारड्यात तोळे, मासे, गुंजा; बारा माशांचा एक तोळा. मग दोरा पाठीवरून नाकापासून शेपटापर्यंत लावून तो पट्टीवर धरायचा. ते अंग आखडून घेई, म्हणून तीनदा मापायचे आणि मधले माप लिहायचे. दीड तोळ्याचे ते पिल्लू आश्विन सरेपर्यंत एक तोळा आठ माशांवर आले. महिना-दीड महिन्यात दोन मासे! मला त्या दोन माशांचा किती अभिमान होता हे आता सांगतानाही संकोच वाटतो.

सोमी हे सारे उकिडवी बसून पाही. एके दिवशी ती म्हणाली, "तू काट्यावर घालतोस म्हून वाढतो त्यो."

"नाही ग. वाढतो की नाही, हे पाहण्यासाठी काट्यावर घालतो."

"त्येच ना म्हंते मी."

"तसं नव्हे. खाण्यानं वाढतो. काटा नुसता सांगतो."

"खाऊन आमी न्हाई का ऱ्हात? कवा वाढलो आमी? त्याला कुनी बघतं, लिवतं, म्हून त्यो वाढतो." मग माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "ह्याला घाल ना रं येकदा."

काकू चूल सोडून बाहेर आल्या. "अगो, लेकरू तोलायचं तर गुळानं तोलतात. देवापुढं नवस बोलून. दगडाच्या शेरानं तोलतं का कोणी पोर?"

"गूळ कुठनं आनू, काकू?"

काकू आत गेल्या आणि गुळाचा खडा आणून त्यांनी बुधाच्या मुठीत कोंबला. "तोलू नका हो," एवढे मला बजावून त्या पुन्हा चुलीपुढे बसल्या. आज विचार करतो तेव्हा वाटते, त्या साऱ्या दिवसांत त्या मुलासाठी करण्याजोगी गोष्ट त्या घरात एवढी एकच झाली, आणि तीही अंधश्रद्धेने.

मी शास्त्र शिकलेला होतो. ओटीच्या वाशाला भाताच्या नमुन्याचा मोठा तराजू टांगलेला होता. एका पारड्यात फडके घालून बुधाला बसवले, दुसऱ्यात पक्के शेर ठेवले. साडेसहा शेर. पारडे झुलले तसा तो हसला. त्याला हसताना मी पहिल्यांदाच पाहिले. मांडुळाच्या वहीत मागच्या बाजूने एक कोरे पान उघडून मी लिहिले: बुधा, साडेसहा शेर. वर रकाने आखले नाहीत. मी तिला म्हणालो, "सरकारी दवाखान्यात दाखव. पुढच्या बाजारी मी बरोबर येतो." ती "व्हय" म्हणाली.

पुढच्या बाजारी हेडमास्तरांनी मला थांबवून घेतले. दवाखान्याची वेळ टळली. मुलाचे वजन साडेसहाच भरले.

आपल्या भाषेत वाढणे हा शब्द फार कामाचा आहे. पानावर अन्न घालणे म्हणजे वाढणे. मूल मोठे होते म्हणजे वाढते. दारी आलेला याचक "वाढा हो माय" म्हणतो. आणि बांगडी फुटली तर फुटली असे म्हणू नये म्हणून आपण ती वाढली म्हणतो, देवापुढे नारळ वाढवतो. देणे, मोठे होणे आणि फुटणे, तिन्हींना एकच शब्द पुरतो. वर्गात व्याकरण शिकवताना मी हे सांगतो, मुलांना गंमत वाटते, आणि मी फळा पुसतो.

तिसऱ्या बाजारी सोमी आली तेव्हा कापणी जोरात होती. मी आधी मुलाला तोलले. सव्वासहा. पुन्हा तोलले, सव्वासहाच. मी ते लिहिले आणि काही न बोलता सापाचा काटा जवळ ओढला. त्या दिवशी पिल्लाने नुकतीच कात टाकली होती. ती नाकापासून शेपटापर्यंत अखंड निघाली होती, आणि वजनही चांगले एका माशाने चढले होते. मी आकडा मांडत होतो. लेखणी वहीवर, डोळे त्या रकान्यात.

"वाढला?" सोमीने विचारले.

"वाढला," मी म्हणालो.

मान वर केली तेव्हा ती बुधाकडे बघत होती. तिचा सगळा चेहरा उजळला होता. तिने त्याच्या पोटावर नाक घासले आणि त्याला विचारले, "वाढलास रं? माज्या राजा, वाढलास व्हय?"

तो शब्द सापाचा होता. मराठीत साप आणि मुलगा दोघेही "वाढला"च. एवढे सांगायला एक वाक्य पुरले असते. ते वाक्य मी मनात जुळवले, त्याची क्रियापदे नीट केली, आणि तोवर ती उठून काकूंना सांगायला आत गेली होती. ओटीवर मी एकटा उरलो. मला आठवते ते एवढेच की त्या क्षणी मला सुटल्यासारखे वाटले.

चौथ्या बाजारी मात्र चुकीला जागा नव्हती. त्या दिवशी मी सापाचा काटा बाहेर काढलाच नव्हता. मुलाचे वजन सहा शेर भरले. सोमीने विचारले, "वाढला ना रं?" आणि मी, वहीत सहा लिहून, तिच्या तोंडाकडे पाहून म्हणालो, "वाढला."

तिने सुटकेचा श्वास सोडला. "आता जातंव. हिरू म्हनतो भट्टीवर चल, कोंडाण्याच्या वरल्या रानात कोळशाचं काम हाय. मी म्हनलं, पोराचं अंग धरंना, मी हितंच ऱ्हाते, मास्तर दवाखान्यात नेनार हाय. पर आता वाढतोय त दवाखाना कशाला? व्हय ना?"

तिने माझ्याकडे पाहिले. काकू आतून विचारत होत्या, "मास्तर, पान घेऊ का?" मी आतल्या बाजूला तोंड वळवून "घ्या" म्हणालो. पुन्हा वळलो तेव्हा सोमी ओटीची पायरी उतरत होती. बुधाचे डोके तिच्या खांद्यावर पडले होते. डोके मोठे, मान बारीक. मी जेवायला बसलो. काकूंनी वाढले. नव्या तांदळाचा भात होता.

मग थंडी पडली. घाटावरून वारा येऊ लागला, सकाळी उल्हास नदीच्या पाण्यावर वाफ दिसे, वालाला फूल आले. मांडुळाने खाणे सोडले. मी शाळेतल्या पोरांनी आणलेली उंदराची पिल्ले ठेवी, फडके टाकी, आणि दुसऱ्या दिवशी ती तशीच काढून टाकी. "नाकारले. नाकारले. नाकारले." प्राध्यापकांनी कळवले की चिंता नको. थंडीत या प्राण्यांचे रक्त मंद होते, दोन-तीन महिने उपाशी राहूनही त्यांचे वजन फारसे घटत नाही. ते खरे होते. मातीत हात घातला की ते थंड, जड अंग लागे. जिवंत आहे एवढेच कळे. त्याला उपाशी राहण्याची सोय होती.

एका रविवारी मी कोंडाण्याच्या वाटेला लागलो. खिशात काकूंनी दिलेला गूळ होता आणि दवाखान्याच्या डॉक्टरांसाठी लिहिलेली चिठ्ठी. मी त्यांना लाजेने तोंडी सांगू शकलो नव्हतो, म्हणून चिठ्ठी. तिथल्या डोंगरातल्या जुन्या लेण्यांच्या खालपर्यंत गेलो. तेथून वर रानात दोन-तीन ठिकाणी निळसर धूर दिसत होता. एक ठाकर म्हातारा मोळी टेकवून बसला होता. त्याला हिरूची भट्टी विचारली.

"हिरू? कोंचा हिरू? दांडग्या कानाचा?"

"कानांचं मला ठाऊक नाही."

"त्यो वरल्या अंगाला हाय. घंटाभर चढ हाय. तू नाय चढनार, मास्तर." त्याने माझ्या वहाणांकडे पाहिले. "चढलास त रातच्याला तिथंच ऱ्हावं लागंल. सोमवारी शाळा कोन घेईल?"

तो सहज बोलला. पण मला त्याचे वाक्य आयते मिळाले आणि मी ते घेऊन परत फिरलो. वाटेत कुणब्यांच्या पोरांनी शेतात वालाच्या शेंगांचे मडके भाजायला लावले होते. त्यांनी मला बोलावले आणि मी चार शेंगा खाल्ल्या. त्या चांगल्या लागल्या हेही मला आठवते.

चैत्रात सोमी आली. ऊन चढलेले होते. काकू पापड वाळत घालीत होत्या. त्यांनीच आधी पाहिले आणि त्यांच्या तोंडून नुसते "अगो" निघाले. सोमीच्या कडेवर कोणी नव्हते. तिचे हात अजून कोळशाने काळे होते. ती नेहमीच्या जागी उकिडवी बसली.

"कधी ग?" काकूंनी विचारले.

"शिमग्याच्या आदी. ताप न्हाई, काय न्हाई. सकाळी उठलाच नाय."

काकू डोळ्यांना पदर लावून आत गेल्या. मी खांबाजवळ उभा होतो. बसावे की उभे राहावे हे मला ठरवता येत नव्हते.

"मास्तर," ती म्हणाली, "त्याचं लिवलंस ना तू? हाय ना वहीत?"

"आहे."

"वाच मला. त्याचं नाव कुटं लिवल्यालं न्हाई दुसरीकडं."

मी वही आणली. मागचे पान उघडले. पुन्हा खोटे वाचता आले असते. तिला अक्षर येत नव्हते. मी ते करणारही होतो, कारण त्या वेळी तेच दयेचे वाटत होते. पण वर्गात रोज जे लिहिले आहे तेच वाचण्याची तोंडाला सवय झालेली असते, आणि तोंडाने ते वाचले. बुधा, साडेसहा. साडेसहा. सव्वासहा. सहा.

ती आकडे समजत होती. बाजारात कण्या, मीठ, लाकडे, सारे शेरावरच चालते.

"म्हंजे उतरत हुता," ती म्हणाली.

"हो."

"तू वाढला म्हनलास."

"हो."

मग तिने आपला डावा हात, ज्या हातावर ती त्याला घेई तो, थोडा वर उचलून पाहिला. "हाताला कळत हुतं रं. रोज घेत हुते, न कळून कसं चालंल? हलका व्हत चाललाय, हात म्हनायचा. पर तू लिवनारा मानूस. म्हनलं, हाताला काय कळतं?"

मी म्हणालो, "चुकलो, सोमी." हे शब्द इतके कोरडे निघाले की मलाच ते दुसऱ्या कोणी म्हटल्यासारखे वाटले. मला रडू येईल असे वाटले होते. आले नाही. आजपर्यंत आलेले नाही.

ती रागावली असती तर मी कदाचित जागा झालो असतो. पण ती उठली, लुगडे झटकले आणि काकूंनी आणून दिलेला तांदूळ पदरात बांधता बांधता म्हणाली, "पोटात हाय आता. पावसात व्हईल. त्याला बी आनीन तोलाया. पर खरं सांग. उतरला त उतरला म्हन. मंग मी दवाखान्यात बसून ऱ्हाईन, कुटं जानार नाय. सांगशील ना?"

"सांगेन," मी म्हणालो.

पहिला पाऊस चांगला लागल्यावर तिने मूल झाल्याचा निरोप धाडला, मुलगी झाली होती. श्रावणातल्या पहिल्या बाजारी ती तिला घेऊन ओटीवर आली. काकूंनी मला पुढे पत्राने कळवले, की तिने बराच वेळ वाट पाहिली, आणि मग तराजू कसा धरायचा हे काकूंनाच विचारले. मी त्या आधीच्या आठवड्यात खालापूरच्या शाळेवर रुजू झालो होतो. सगळ्यांना वाटले, वरून हुकूम आला असेल. ती बदली मी चैत्रातच अर्ज करून मागून घेतली होती.